सहा सॉकेटचा स्पाइक गार्ड, आठ महिन्यांनंतर: लोड झेपला, पत्त्या सैल झाल्या

टेबलाखाली रोज नऊ-दहा तास चालू असलेल्या स्पाइक गार्डबद्दल, म्हणजे सर्जपासून बचाव करणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल, हे लिहितोय. सहा सॉकेटं, दीड मीटर वायर, १ चौरस मिमी तांबं, कडेला ओव्हरलोडचं रीसेट बटण.

मागे '१० अँपिअर, २३० व्होल्ट' छापलंय. म्हणजे सहाही सॉकेटं मिळून २३०० वॅट, प्रत्येकाला नव्हे. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅट, दोन मॉनिटर मिळून साठेक, राउटर १२, टेबललॅम्प १०. बेरीज दीडशेच्या आत, एक अँपिअरसुद्धा नाही. एवढ्यावर बोर्ड दिवसभर थंड असतो. लेझर प्रिंटरचं प्रकरण वेगळं. छपाईआधी त्याचा फ्यूजर (कागदावर टोनर चिकटवणारा तापता रूळ) तापतो तेव्हा काही क्षण हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि लॅम्प डोळा मिचकावतो. बोर्डाला ते झेपतं, तरी प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटला लावलेला बरा. यूपीएसला तर नकोच. पायाशी ठेवायचा २००० वॅटचा हीटर एकटाच पावणेनऊ अँपिअर खातो, तो इथे लावूच नये.

रीसेट बटणावर फार भिस्त ठेवू नका. आत तापून वाकणारी पट्टी असते, त्यामुळे थोड्या जादा लोडला ते बराच वेळ पडत नाही. घरातली १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, भिंतीतल्या वायरसाठी असते. बोर्डातून १३ अँपिअर गेले तरी ती ढिम्म हलत नाही.

आता खरी तक्रार. ज्या सॉकेटमधून लॅपटॉपचा प्लग रोज काढला-घातला जातो, त्याच्या आतल्या, प्लगच्या पिना धरणाऱ्या पितळी पत्त्या सहाव्या महिन्यात सैल पडल्या. प्लग नुसत्या वजनाने झुकतो, हलवला की बारीक चरचर ऐकू येते. सैल जागी रोध वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. समजा तिथे ०.१ ओहम रोध आहे: लॅपटॉपच्या पाव अँपिअरला ती उष्णता नगण्य, पण हीटरच्या पावणेनऊ अँपिअरला साडेसात वॅटच्या वर, तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडतं ते इथूनच. असं सॉकेट पिना वाकवून 'घट्ट' करण्याच्या भानगडीत पडू नका, वापर बंद करा. पत्त्या थोड्या जाड असत्या तर हे झालं नसतं; पैसे वाचवलेत ते नेमके इथे.

तपासायची पद्धत: सगळं अर्धा तास चालवा, बटण बंद करा, प्लग उपसून त्याच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको. जळक्या मासळीसारखा वास आला तर बोर्ड तिथेच निवृत्त.

सॉकेटांमधलं अंतर कमी आहे, जाडा अ‍ॅडॅप्टर शेजारचं सॉकेट गिळतो. मग माणूस दुसरा बोर्ड याच्यातच खोचतो. दोन्हींचा लोड पहिल्याच्या एका सॉकेटमधून आणि त्याच १ चौरस मिमी वायरमधून जातो, हे तेव्हा डोक्यात येत नाही. त्यापेक्षा छोटी जोडवायर घेऊन अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवा. उरलेली वायर गुंडाळून बांधली की मधली वेटोळी तापतात. ती सैल पसरून ठेवा, पण गालिच्याखाली नको.

'प्रोटेक्टेड' लिहिलेला हिरवा दिवा सर्जपुरता (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासूनच्या बचावापुरता) आहे, ओव्हरलोडशी त्याचा संबंध नाही. तो विझला तरी सॉकेटं चालूच राहतात, म्हणून महिन्यातून एकदा खाली वाकून बघावं लागतं.