दोन भावंडं, एक खोली, एक बंक बेड : १४ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, आम्ही मुलांच्या खोलीसाठी बंक बेड करून घेतला. आता जुलै चालू आहे, म्हणजे पलंगाचा हा दुसरा पावसाळा. करून घेण्याआधी मी बरंच वाचलं होतं, पण ते सगळं पलंग नवा असतानाचं. पावसाळ्यात गादीचं काय होतं, तापलेल्या पोराला वरून खाली कसं आणायचं, हे कुठेच नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलांची खोली १० बाय ९ फुटांची. मुलगी आता ११ वर्षांची आहे, मुलाला मार्चमध्ये ६ पूर्ण झाली. खोलीत दोन सिंगल पलंग, लोखंडी कपाट आणि अभ्यासाचं टेबल एवढं ठेवलं तर मध्ये सतरंजी पसरायलाही जागा उरत नव्हती. बंक बेडमुळे साधारण १८ चौरस फूट जमीन मोकळी झाली. त्या जागेत मुलगा दिवसभर गाड्या मांडतो आणि आजी आली की रात्री तिथेच तिची गादी पडते. तयार पलंग न घेता मिस्त्रींकडून १९ मिमी प्लायमध्ये बनवून घेतला, कारण मला माप हवं तसं हवं होतं. पलंगाचे ४६,००० रुपये झाले. गाद्या, पंखे आणि नंतरच्या दुरुस्त्या धरून खर्च ६८,५०० वर गेला.

सगळ्यात आधी पंख्याचं सांगते. आमचा छताचा पंखा खोलीच्या मधोमध होता, म्हणजे पलंगाच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. पात्यांचा घेर ४ फुटांचा, म्हणून पात्याचं टोक भिंतीपासून अडीच फुटांवर यायचं. पलंग ३ फूट रुंद. म्हणजे अर्धा फूट पातं सरळ वरच्या गादीवर फिरत होतं! कागदावर पलंग आखताना हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. पलंग उभा राहिला, लेक वर चढली, गुडघ्यावर बसून तिनं हात वर केला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. पंखा बंद होता म्हणून बरं. त्याच संध्याकाळी तो उतरवला आणि भिंतीवरचे दोन पंखे लावले, एक वर, एक खाली. बंक बेडचा विचार करत असाल तर प्लायचा भाव विचारण्याआधी टेप घेऊन पंखा मोजा.

दुसरी चूक गादीची. दुकानदाराच्या आग्रहावरून वरती ८ इंची गादी घेतली. कठडा १० इंचांचा, म्हणजे गादीच्या वर उरला फक्त २ इंच. झोपेत कूस बदलणारं मूल त्याला काय अडणार? अमेरिकेच्या बंक बेडच्या नियमांत कठडा गादीच्या वर किमान ५ इंच लागतो, आणि ६ वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका असा इशारा पलंगावर चिकटवावा लागतो. गादी बदलून ४ इंची काथ्याची घेतली, तेव्हा कठडा ६ इंच वर आला. ६ वर्षांचा नियमही आम्ही काटेकोर पाळला. मुलगा रडला, रुसला, पण वाढदिवसापर्यंत खालीच झोपला. आता शनिवारी वरची पाळी त्याची असते.

शिडीला आधी स्टीलचे गोल दांडे होते. दिसायला छान, पण अनवाणी तळव्यांना रुततात आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी घसरतात. दोन महिन्यांत ते काढून साडेतीन इंच रुंद लाकडी पायऱ्या बसवल्या आणि शिडी थोडी तिरकी केली. खालच्या पायरीपाशी हालचालीनं लागणारा छोटा दिवा आहे. रात्री शू लागली तर दोघंही आता मला न उठवता जाऊन येतात.

आता पावसाळा. खालच्या पलंगाखाली चार ड्रॉवर आहेत, त्यामुळे गादीखाली सलग प्लाय आणि त्याखाली बंद पेटी. हवा लागायला कुठूनच वाव नाही. गेल्या ऑगस्टमध्ये चादर बदलताना कुबट वास आला. गादी उचलली तर खालून हाताच्या पंजाएवढे काळे डाग, बुरशीचे. मुलाची महिनाभर चाललेली सर्दी यामुळेच होती का, हा विचार आजही मला सोडत नाही. गादी टाकून दिली. मिस्त्रींनी तो प्लाय काढून ३ इंची लाकडी पट्ट्या २-२ इंचांच्या फटी सोडून बसवल्या. ती भिंत बाहेरची, पावसाचा मारा झेलणारी, म्हणून मध्ये ठोकळे घालून पलंग भिंतीपासून ३ इंच पुढे घेतला आणि पुन्हा बोल्टनं आवळला. पण मग वर भिंतीच्या बाजूला फट पडली! तिथे हात-पाय अडकू नये म्हणून त्या बाजूलाही कठडा लावावा लागला. तो पहिल्यापासून दोन्ही बाजूंना करून घ्या, भिंत आहे म्हणून सोडू नका. या जुलैत दर रविवारी गादी उचलून बघते. अजून कोरडी आहे. ऊन पडलं की तासभर ती उभी करून ठेवते.

वरची चादर घालणं हे रोजचं कष्टाचं काम आहे. कडांना इलॅस्टिक असलेली चादर घेतल्यावर ते निम्म्यावर आलं. आजारपणात मात्र वरची जागा काही कामाची नाही. फेब्रुवारीत लेकीला १०२ ताप होता, तेव्हा पट्ट्या ठेवायला मला शिडीवर उभं राहावं लागलं. दुसऱ्या रात्री तिला खाली घेतलं आणि मुलाला आमच्या खोलीत.

सामानाची विभागणी आधी मी समान केली होती : दोन ड्रॉवर तिचे, दोन त्याचे, कपाटाचे वरचे कप्पे तिचे, खालचे त्याचे. भांडणं थांबली नाहीत. तिच्या रंगपेट्या, मैत्रिणींच्या चिठ्ठ्या, केसांच्या पिना त्याच्या हाताला लागायच्या आणि ती हुंदके देत माझ्याकडे यायची. एकदा म्हणाली, "आई, या घरात माझं असं काहीच नाही." तिच्या एका ड्रॉवरला कुलूप लावून दिलं. घरातल्या मोठ्यांना ते आवडलं नाही, भावंडांत कुलूप कशाला म्हणून. पण त्या दिवसापासून बाकीच्या तीन ड्रॉवरवरून वाद झालेला मला आठवत नाही. आता ती स्वतःहून त्याला रंग देते. त्याच्यासाठी खालच्या पलंगाला आजीच्या जुन्या सुती साडीचा पडदा शिवला. तो ओढून घेतला की ते त्याचं घर. ती रात्री ११ पर्यंत वाचते, पडद्यामुळे उजेड त्याच्या डोळ्यांवर येत नाही. दप्तरांसाठी दाराशी दोन हुक आहेत, प्रत्येकाच्या उंचीचे.

पुन्हा करायचा झाला तरी बंक बेडच करीन, पण पट्ट्यांचा, आणि असाच खिळ्यांऐवजी बोल्टचा. दोनतीन वर्षांत लेकीला वेगळी खोली लागेल, हॉलचा कोपरा तिला द्यावा लागेल. बोल्ट काढले की याचे दोन सिंगल पलंग होतात, हे मिस्त्रींना पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तोपर्यंत दर तीन महिन्यांनी बोल्ट आवळावे लागतात, कारण वर उड्या पडल्या की ते सैल होतात आणि पलंग कुरकुरायला लागतो. पाना शिडीमागे टांगलेला आहे. कुरकुर ऐकू आली की लेकच तो काढून आणते.