एमएफईच्या (फायनान्शिअल इंजिनिअरिंगमधल्या मास्टर्सच्या) ॲडमिशनपायी माझे २,५२,४०० रुपये गेले, लाज सोडून लिहितोय

आधीच सांगतो, मी अडाणी नाहीये. मेकॅनिकलचं इंजिनिअरिंग, पुण्यात आयटीत साडेतीन वर्षं नोकरी, जीआरई या परदेशी प्रवेश परीक्षेच्या क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, १६९. तरी गंडलो. ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही, मित्रांना "या वर्षी अप्लायच केलं नाही" असं सांगितलंय. पण परवा कॉलेजच्या एका ज्युनिअरने ज्या ॲडमिशन कन्सल्टंटनी मला गंडवलं त्यांचीच लिंक पाठवली, "दादा, हे कसे आहेत रे, पैसे भरू का?" मग म्हटलं लाज गेली खड्ड्यात.

मला अमेरिकेत फायनान्शिअल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे फायनान्सच्या गणितात, मास्टर्स करायचं होतं. बरूक, बर्कली, कोलंबिया, कार्नेगी मेलन, एनवाययू टँडन, अशी सात युनिव्हर्सिट्यांची यादी. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहितीये, वर्ग छोटे असतात आणि समोर आयआयटीचे मॅथ्सवाले उभे. माझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याकडे लिनिअर अल्जेब्रा, पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) आणि प्रोबॅबिलिटी म्हणजे एम-वन ते एम-थ्री या इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरांना जे काय रट्टा मारून पास झालो तेवढंच, सी प्लस प्लस कॉलेजनंतर उघडलेलं नाही. हे लोक नेमकं हेच विकतात, तुमची भीती. नेहमीचे कन्सल्टंट ज्या कॉलेजांकडून कमिशन मिळतं तिकडे ढकलतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी "फक्त क्वांट ॲडमिशन्स", म्हणजे फक्त अशाच गणितवाल्या फायनान्स कोर्सच्या, करणारे शोधले. स्वतःला लई शहाणा समजत होतो.

पहिले ५,९०० रजिस्ट्रेशनचे. मग पॅकेज १,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. यूपीआयला दिवसाला लाखाची मर्यादा म्हणून एका रात्री १,००,००० आणि दुसऱ्या सकाळी १८,००० पाठवले, म्हणजे मध्ये अख्खी रात्र होती माझ्याकडे विचार करायला! बाबांची एफडी मोडून दिलेले पैसे होते. बाबांनी एवढंच विचारलं होतं, "लिहून घेतलंयस का काही?" मी म्हटलं, "बाबा, हल्ली सगळं व्हॉट्सॲपवर असतं." बाबा गप्प बसले. जीएसटी घेतला पण बिल मागितल्यावर पंधरा दिवसांनी एक पीडीएफ आलं, त्यावरचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होत होता. २९ म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्राचा २७, आणि यांचं ऑफिस पुण्यात. हे मला कधी कळलं? सगळं झाल्यावर. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कोणाचा आहे ते दिसतं, फुकट, एक मिनिट लागतं. पैसे भरायच्या आधी टाका.

आता तो क्षण, ज्याच्यावरून मी अजून रात्री उठून बसतो.

ऑक्टोबरमध्ये "मेंटॉर सरां"बरोबर झूम कॉल होता. सर म्हणे स्वतः बर्कलीचे एमएफई. छान बोलायचे, इंग्रजीत मध्येच मराठी, "अरे बाळा" वगैरे. बोलता बोलता म्हणाले, "मी ऑगस्टमध्ये उतरलो तिथे, फॉल सेमिस्टर सुरू होत होतं, खिशात काही नाही..." आणि मी अडकलो. कारण माझ्या स्वतःच्या एक्सेलमध्ये, मी स्वतः टाईप केलेलं, बर्कलीच्या ओळीत लिहिलं होतं: सुरुवात मार्च. बर्कलीचा एमएफई मार्चमध्ये सुरू होतो, या क्षेत्रात दोन संध्याकाळी घालवलेल्या कोणालाही हे माहीत असतं, बाकीच्यांपेक्षा वेगळं असल्यामुळे लक्षातच राहतं. मी विचारलंसुद्धा, "सर, तिकडे मार्चमध्ये सुरू होतं ना?" सर हसले. "आमच्या बॅचला वेगळं होतं रे." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ओह, सॉरी सर."

सॉरी! मी सॉरी म्हणालो त्याला!

तिथेच लॅपटॉप बंद केला असता तर पुढचे १,२८,५०० वाचले असते. पण तोवर १,२३,९०० गेले होते ना, आणि एकदा एवढे गेले की माणूस शंका घ्यायला घाबरतो, शंका खरी निघाली तर बाबांना काय तोंड दाखवायचं. ज्यांना हे मूर्खपणाचं वाटतंय त्यांनी आधी घरच्यांची एफडी मोडून बघावी. कोणी म्हणालं मी अमुक ठिकाणचा आहे तर त्याला विचारा कुठल्या महिन्यात सुरू झालं, इंटर्नशिप कधी होती, पहिला विषय कुठला. अडखळला की उठा.

पुढचे ४५,००० "न्यूयॉर्कच्या फंडात रिमोट इंटर्नशिप" साठी. प्रोफाइल कच्चं आहे म्हणून. काम काय दिलं तर ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढायचा पायथन प्रोग्राम, जे १९७३ सालचं सूत्र आहे आणि ज्याचा कोड नेटवर पोत्याने पडलाय. मला दिलेली फाइल तशीच्या तशी गिटहबवर, म्हणजे लोक कोड टाकतात त्या साइटवर, सापडली, मूळ माणसाचं नाव तेवढं खोडलेलं. तेवढ्या पैशात मी प्रोबॅबिलिटीचा आणि सी प्लस प्लसचा एकेक खरा ऑनलाइन कोर्स करून खऱ्या मार्कांसकट दाखवला असता, अर्ज वाचणारा तेच बघतो.

शेवटचे ८३,५०० सात ठिकाणच्या ॲप्लिकेशन फीचे. "तू ऑफिसमध्ये बिझी असतोस, पोर्टल आम्ही सांभाळतो." त्यांनी माझ्या नावाने नवीन जीमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. इथेही मला कळायला हवं होतं, हो, मान्य. फी थेट युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आपल्या कार्डाने भरायची असते, मध्ये कोणाचं काय काम?

आणि एक गोष्ट जी लिहू की नको असं तीनदा झालं. रेकमेंडेशन. पोर्टलवरून लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या मेलवर जाते. मी आमच्या एचओडी सरांचा कॉलेजचा मेल दिला होता. कन्सल्टंट म्हणाले, "सर लोक वेळेवर देत नाहीत, आम्ही त्यांच्या नावाचा जीमेल करून पत्र टाकतो, सगळेच करतात." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. 'बघा तुम्ही' असं टाईप केलं. हे पकडलं गेलं तर मिळालेली ॲडमिशनसुद्धा रद्द होते. तेव्हा डोकं चाललंच नाही, नोकरी, जीआरई, टोफेलची इंग्रजीची परीक्षा, एसओपी म्हणजे अर्जासोबतचा निबंध, सगळं एकावेळी अंगावर आलेलं.

जानेवारीत सात स्क्रीनशॉट आले, "सबमिटेड". फेब्रुवारी संपत आला तरी एकाही ठिकाणचा व्हिडिओ इंटरव्ह्यू नाही, काही नाही. शेवटी मी माझ्या खऱ्या मेलवरून एकेका ॲडमिशन ऑफिसला लिहिलं. भली माणसं, दोन दिवसांत उत्तरं आली. चार ठिकाणी अर्ज अर्धवट उघडून ठेवलेला, फी भरलेली नाही. तीन ठिकाणी माझ्या नावाचं काहीच नाही. मग ते स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून बघितले, दोन वेगळ्या युनिव्हर्सिट्या आणि पुष्टी क्रमांक तोच.

यानंतरचा तमाशा ऐका. घराजवळच्या चौकीत गेलो तर "ऑफिस आमच्या हद्दीत नाही". हद्दीतल्या चौकीत गेलो तर "तुम्ही राहता कुठे, तिकडे द्या". मी म्हटलं, साहेब, झिरो एफआयआर कुठेही घेता येतो, नवीन कायद्यात लिहिलंय. साहेब म्हणाले, "कायदा शिकवू नका, कन्सल्टंटने सेवा दिली, तुम्हाला आवडली नाही, हे दिवाणी आहे." खोटे स्क्रीनशॉट ही सेवा? न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी ठेवलंय, सजावटीला? तिसऱ्या फेरीला एक हवालदार सगळं चॅट वाचत बसले आणि बरोब्बर तिथेच थांबले, "हे 'बघा तुम्ही' म्हणजे खोट्या पत्रांना तुमची संमती होती का?" मी घामाघूम. अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढे काही नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना. यूपीआय ॲपवाल्यांकडे केलेली तक्रार चोवीस तासांत "निराकरण झाले" म्हणून बंद. कसलं निराकरण? कोणाचं? प्रत्येक टेबलावर मी तेच अकरा पानांचं प्रिंटआउट ठेवत होतो आणि प्रत्येक जण पहिलं पान बघून वर माझ्याकडे बघत होता, की एवढा शिकलेला आणि असा कसा. आई म्हणते जाऊ दे. कसं जाऊ दे?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्यावर काही तासांत केला तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येते. मी चार महिन्यांनी केला. तो दोष माझा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकलीये, पाच लाखांच्या आतल्या रकमेला फी लागत नाही, वकील न घेताही उभं राहता येतं, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, कन्सल्टंटवाल्यांनी माझ्याशी झालेले निम्मे मेसेज 'सगळ्यांसाठी' डिलीट केले, नशीब मी आधी काढून ठेवले होते. एचओडी सरांना जाऊन खरं सांगितलं. दहा मिनिटं बोलले, जे बोलायला हवं तेच बोलले, आणि म्हणाले पत्र मी स्वतः लिहीन, पुढच्या वेळी लिंक मला पाठव. जीआरई पाच वर्षं चालतो, तेवढं एक बरं.

ज्युनिअरने पाठवलेली ती लिंक उघडली तर त्यात एक जाहिरात होती. माझं पहिलं नाव, क्वांट १६९, आणि खाली "कोलंबिया ॲडमिट". मी रिपोर्ट केलं. नियमांचं उल्लंघन आढळलं नाही असं उत्तर आलंय.