कोब्लेंझ खटल्याचे दिवसवार अहवाल : एका निवृत्त कोर्ट स्टेनोचा अभिप्राय

अन्वर रस्लान हा दमास्कसच्या अल-खतीब कोठडीतला, म्हणजे सीरियाच्या गुप्तचर खात्याच्या शाखा 251 मधला, तपासप्रमुख कर्नल. त्याच्यावर खटला चालला तो जर्मनीत, कोब्लेंझला. गुन्हा परक्या मुलखातला, आरोपी परका, बळीही परके. तरी 2002 च्या जर्मन कायद्यानुसार मानवतेविरुद्धचा गुन्हा जगात कुठेही घडला तरी तिथलं कोर्ट तो चालवू शकतं. एप्रिल 2020 ते जानेवारी 2022, सुनावणीचे 108 दिवस. छळ आणि 27 खुनांसाठी जन्मठेप झाली.

मी 31 वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या. साक्षीदार ‘माहीत नाही’ म्हणाला की ‘आठवत नाही’, एवढ्यावरून अख्खी उलटतपासणी फिरते, हे मी रोज पाहिलंय. त्यामुळे जर्मनीच्या वरच्या कोर्टात साक्ष शब्दशः नोंदवतच नाहीत हे कळलं तेव्हा मला खरंच धक्का बसला. कोण हजर, कोणाची साक्ष झाली, कोणते अर्ज आले, एवढंच कागदावर येतं. बाकी न्यायाधीशांची आपापली टिपणं. इतिहासासाठी ध्वनिमुद्रण करा, ही विनंतीही फेटाळली गेली. कोठडीतून वाचलेली माणसं सगळं धैर्य गोळा करून बोलली, आणि सरकारी दप्तरी त्यांचे शब्दच नाहीत!

ही उणीव ‘सीरिया जस्टिस अँड अकाउंटेबिलिटी सेंटर’ या बिगरसरकारी संस्थेच्या अहवालांनी जमेल तेवढी भरून काढली आहे. त्यांचा निरीक्षक कोर्टात बसायचा. अहवाल इंग्रजीत आणि अरबीत, इंटरनेटवर फुकट आहेत. अरबीचं मोल फार मोठं. सुरुवातीला प्रेक्षकांना फक्त जर्मन ऐकू यायचं. ऑगस्ट 2020 मध्ये जर्मनीच्या राज्यघटना न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे अरबी पत्रकारांना दुभाष्याची सोय मिळाली.

मांडणी मला मनापासून आवडली. बोललेले शब्द अवतरणात, निरीक्षकाची स्वतःची नोंद चौकटी कंसात, साक्षीदारांची नावं गाळलेली. हे शब्दशः वृत्त नाही, सारांश आहे, असं तेच स्पष्ट लिहितात. तो फरक वाचताना जाणवतोही. अरबी साक्ष, दुभाष्याचं जर्मन, मग इंग्रजी. एवढ्या प्रवासात काहीतरी निसटणारच.

वाचायचेच असतील तर सप्टेंबर 2020 चे दिवस आधी वाचा. सामूहिक दफनाच्या कामावर जुंपलेला एक माणूस चेहरा झाकून साक्षीला आला. शीतपेटीच्या ट्रकांतून प्रेतं यायची, कुठून किती आली ते आकडे तो लिहायचा. बाळाला कवटाळलेल्या एका आईच्या प्रेताबद्दल त्याने सांगितलं, तिथे मी वाचन थांबवलं. आकडे लिहिणारा माणूस होता तो, माझ्यासारखाच कारकुनी हाताचा.

2024 मध्ये जर्मनीने कायदा सुधारला. अशा खटल्यांचं ध्वनिमुद्रण आता सोपं झालंय. कोब्लेंझचे साक्षीदार मात्र बोलून गेले, त्यांच्यासाठी हेच अहवाल. माझे पन्नासेक दिवस अजून वाचायचे आहेत. रोज एकच वाचते, त्याहून जास्त झेपत नाही.