पंचेचाळीस पौंडांचे लाकडी धनुष्य: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या पाडव्याला मागवलेले लाकडी धनुष्य आता आठ महिने वापरून झाले आहे. धनुष्य उत्तम आहे. त्याच्यासोबत आलेले सहा बाण मात्र टाकाऊ निघाले. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाणांविषयीची ही तक्रार या किमतीच्या बहुतेक संचांना लागू पडेल असे मला वाटते.

जाहिरातीत हे धनुष्य ‘शिकारीसाठी’ म्हणून दाखवले होते, त्यामुळे आधी एक खुलासा करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. दाजीपूरचे जे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते, तेही १९५८ पासून गव्यांचे अभयारण्य आहे. धनुष्याची पेटी उघडली तेव्हा आमच्या तात्यांनी “काय रं, डुकरं मारायला आणलंयस व्हय?” असे विचारलेच होते. मी नेम धरतो तो शेतातल्या उसाच्या पाचटावर. पाचट गोणपाटात ठासून भरून त्याची दीड हात जाडीची गादी केली आहे आणि तिच्यामागे मातीचा बांध आहे. तरीही शिकारी घाटाचेच धनुष्य घेतले, कारण त्याला नेम धरायची दुर्बीण नाही, तोल सांभाळणाऱ्या कांड्या नाहीत, आणि पंधरा-वीस मीटरवरून, वाकून किंवा गुडघा टेकून, आवाज न करता बाण सोडता यावा एवढ्याच हेतूने ते घडवलेले असते.

धनुष्याची लांबी ६६ इंच आहे. मधोमध मेपलच्या आणि बांबूच्या पातळ पट्ट्या असून दोन्ही अंगांना पारदर्शक फायबरग्लास आहे. त्याच विक्रेत्याकडे अखंड लाकडातून तासलेले एक देखणे धनुष्यही होते आणि तेच घ्यावे असा मोह मला बराच वेळ होता. पण अखंड लाकूड दमट हवेत ओलावा शोषून मंदावते, वाकलेले राहते आणि त्याचा जोर उतरतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा तो मोह आवरला. फायबरग्लासचे धनुष्य या पावसात तरी जसेच्या तसे आहे. मात्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नये, कारण तापलेल्या गाडीत पट्ट्यांमधला सरस सुटण्याची भीती असते.

निवडताना बहुतेक जण धनुष्यावर छापलेला आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. माझ्या धनुष्यावर ‘४५ पौंड, २८ इंच’ असे लिहिले आहे, म्हणजे दोरी २८ इंचांपर्यंत ओढली तर ४५ पौंडांचा जोर लागतो. माझे दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकांमधले अंतर १६८ सेंटिमीटर भरते. त्याला अडीचने भागले की ओढ सुमारे साडेसव्वीस इंच येते. शेजारच्या किराणा दुकानातला आकड्याचा लोंबता काटा दोरीला अडकवून तेवढीच ओढ घेतली, तेव्हा काटा साडेअठरा किलोवर, म्हणजे जेमतेम ४१ पौंडांवर थांबला. हा दोष धनुष्याचा नव्हे. ओढ इंचभर कमी झाली की अशा धनुष्यात अडीच-तीन पौंड कमी होतातच. अमेरिकेतील काही राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी किमान ४० पौंडांचे धनुष्य कायद्यानेच लागते, पण तिथल्या त्या आकड्याकडे पाहून इथल्या नवशिक्याने ५५ पौंडांचे धनुष्य घ्यायचे कारण नाही. माझ्या एका मित्राने ते केले, आणि पूर्ण ओढीला पोहोचण्याआधीच त्याचा हात थरथरू लागतो.

जुळवणीला बसलो तेव्हा पहिल्यांदा दोरी पाहिली. मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर सहा इंच भरले, जे कमी होते. प्रत्येक बाणाबरोबर दोरी मनगटावर फटकारत होती आणि धनुष्य कर्कश वाजत होते. दोरी उतरवून तिला थोडे थोडे पीळ देत गेलो, तसतसा आवाज बदलत गेला आणि पावणेसात इंचांवर तो अचानक मऊ, ठप्प असा झाला. दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची आहे, ती तशीच राहू द्यावी. न ताणणारी आधुनिक दोरी टोके मजबूत नसलेल्या लाकडी धनुष्याला फोडू शकते. वरच्या पात्याचे (मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या अंगाचे) दोरीपासूनचे अंतर खालच्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त आहे, जे बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटे ठेवून ओढणाऱ्याला योग्य असते. हे अंतर कारागिराने तासतानाच ठरवलेले असते, घरी बदलता येत नाही, म्हणून घेण्याआधीच विचारून घ्यावे. बाण दोरीशी काटकोनात बसेल त्या जागेच्या अर्धा इंच वर बाण अडकवायची जागा धरून तिथे दोरा गुंडाळला, एवढ्यावर भागले.

खरा वेळ बाणांनी खाल्ला. या धनुष्याची मूठ मध्यापर्यंत खाचलेली नाही, त्यामुळे सुटलेला बाण मुठीला वळसा घालून, सापासारखा लवत पुढे जातो, आणि तो नेमका किती लवावा हे धनुष्याच्या जोरावर ठरते. संचातले बाण दिसायला अगदी सारखे होते, पण माझे बाण कधी एका जागी बसत नव्हते आणि मी महिनाभर स्वतःच्याच बोटांना दोष देत राहिलो. शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन टेकूंमध्ये २६ इंच अंतर ठेवून प्रत्येक बाण आडवा ठेवला, मधोमध दोन पौंडांचे, म्हणजे ९०७ ग्रॅमचे वजन टांगले आणि डायल गेजने (बारीक अंतर मोजायच्या काट्याने) वाक मोजला. सर्वांत ताठ बाण १०.२ मिलिमीटर वाकला आणि सर्वांत लवचीक १५.२. २६ ला इंचांतल्या वाकाने भागायच्या रूढ हिशेबाने पहिला ६५ पौंडांच्या धनुष्याचा, तर दुसरा ४३ पौंडांचा. एकाच भात्यात!

त्यानंतर ४० ते ४५ पौंडांच्या मापाच्या बाणांच्या बारा काड्या वेगळ्या मागवल्या आणि त्यांतल्या दोन पिसांशिवाय ठेवल्या. पंधरा मीटरवरून पिसांचे बाण एका जागी बसत होते आणि बिनपिसांचे त्यांच्या डावीकडे वीतभर. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ काडी अजून ताठ आहे. शंभर ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) टोके काढून १२५ ग्रेनची लावली, तेव्हा दोन्ही गट एकमेकांत आले. गुजरीतल्या एका सराफाच्या काट्यावर तयार बाण २७ ग्रॅमच्या आसपास भरला. सराफाने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि काही विचारले नाही. धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे दहा ग्रेन वजनाचा बाण असावा असा शिकारी धनुष्यांचा जुना ठोकताळा आहे. ४१ पौंडांना ते साधारण साडेसव्वीस ग्रॅम होते. याहून फार हलका बाण लावला तर उरलेला जोर धनुष्यातच धडकतो. बाणाशिवाय दोरी ओढून सोडणे तर कधीच करू नये, आणि पाहुण्यांच्या हातात धनुष्य देताना हे आधी सांगावे लागते.

संचातला बोटांचा चामडी पट्टा खडबडीत होता. चप्पल लाइनमध्ये कोल्हापुरीचे चामडे मागितले, तर कारागिराने ते ताठ पडेल म्हणून स्वतःच शेळीचे मऊ कातडे कापून दिले. बाण टेकवायच्या जागेवर मात्र चपलेचाच तुकडा चिकटवला आहे. विक्रेत्याला बाणांचे मोजमाप लिहून पाठवले, त्यावर सहा नवे बाण विनामूल्य आले. त्यांचा वाक ११ ते १४.५ मिलिमीटर भरला. धनुष्य पुन्हा घ्यायचे झाले तर याच विक्रेत्याकडून घेईन, पण फक्त धनुष्य.