सीलबंद डबा, खरा नंबर आणि आत भलताच माल

जिममध्ये ट्रेनरकडून प्रोटीन पावडरीचा डबा घेणाऱ्यांनी, आणि ज्यांची मुलं नुकतीच जिमला जायला लागली आहेत अशा आईवडिलांनी, हे शेवटपर्यंत वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे साडेचार हजार रुपये गेले होते, ते परत मिळाले. तरीही लिहिते आहे, कारण ज्याने मला तो डबा विकला तो आज कोल्हापुरातच दुसऱ्या जिममध्ये तसेच डबे विकतो आहे.

माझी रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती. औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी वजनं उचलण्याचा व्यायाम करायला सांगितला आणि जेवणात प्रथिनं वाढवायला सांगितली. मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. ट्रेनरला हे कळल्यावर त्याने विषय लावून धरला. "ताई, व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन शेक पोटात गेला नाही तर केलेली सगळी मेहनत वाया जाते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग परदेशी कंपनीच्या व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, डबा दाखवला. छापील किंमत सात हजारांच्या आसपास. "आपल्याकडे थेट इंपोर्टरकडून येतो, तुम्हाला साडेचारला देतो. आणि रिकामा डबा झाकणासकट परत आणलात तर पुढच्या वेळी दोनशे कमी."

या शेवटच्या वाक्याकडे लक्ष ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

डबा मी डोळे झाकून घेतला नव्हता. झाकणाखालचं चंदेरी सील शाबूत होतं. होलोग्राम होता. आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर होतं. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक मी सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तो खरा निघाला. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर कंपनीच्या नावाचं पान उघडून हिरवी खूण आली आणि माल अस्सल असल्याचा संदेश आला. ग्राहकाने घरबसल्या जे जे तपासावं ते सगळं तपासून झालं होतं, आणि तरीही आतला माल खोटा होता.

माझ्या लक्षात आलं ते घरात ग्लुकोमीटर होता म्हणून. सासूबाईंना मधुमेह असल्याने तो कायम हाताशी असतो. आठवड्यातून एकदा मीही साखर बघायची. शेक सुरू झाल्यावर आकडे वर जायला लागले. आधी वाटलं, व्यायामामुळे असेल, कारण जोराच्या व्यायामानंतर साखर थोडा वेळ वाढू शकते. म्हणून सुट्टीच्या दिवशी, व्यायाम न करता, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यात एक स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा एक चमचा, पावडर घेतली. आधी १०४ होती, पाऊण तासाने १७१. डब्यावर लिहिलं होतं, एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं आणि फक्त ३ ग्रॅम कर्बोदकं. तीन ग्रॅम कर्बोदकांनी साखर अशी उसळत नाही. डॉक्टरांना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी पहिला संशय घेतला तो माल्टोडेक्स्ट्रिनचा.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्यासारख्या पदार्थांच्या स्टार्चपासून केलेली पांढरी, पाण्यात चटकन विरघळणारी पूड. अन्नप्रक्रियेत तिचा वापर कायदेशीर आहे, ती विष नाही. पण व्हेच्या तुलनेत ती फारच स्वस्त असते, गोडीला कमी असल्याने जिभेला कळत नाही, आणि रक्तातली साखर मात्र ग्लुकोजसारखी झपाट्याने वाढवते. चॉकलेटचा इसेन्स आणि थोडं गोडवणारं रसायन घातलं की झाला शेक तयार. निरोगी पोराला काही जाणवणार नाही, फक्त अंगाला काही लागणार नाही. माझ्यासारखीची साखर मात्र ती रोज वाढवत राहिली.

मी पावडर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिली. फी भरली, अहवाल आला: १०० ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम प्रथिनं. लेबलप्रमाणे हवी होती ८०. हिशेब करून बघा. २.२७ किलोच्या डब्यात १८०० ग्रॅम प्रथिनं असती तर ग्रॅमला अडीच रुपये पडले असते. प्रत्यक्षात पडले सहा रुपयांच्या वर.

आणि ते ३१ सुद्धा खरे असतील याची खात्री नाही, हे मला प्रयोगशाळेतल्या बाईंनीच समजावलं. नेहमीच्या चाचणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने, बहुतेक वेळा ६.२५ ने, गुणतात. त्यामुळे नायट्रोजन असलेलं काहीही स्वस्त मिसळलं की कागदावर प्रथिनं वाढतात. ग्लायसीन, टॉरीन अशी सुटी अमिनो आम्लं त्यासाठीच घालतात. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या पावडरीत मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं होतं ते याच कारणाने. त्यात तान्ही मुलं दगावली. खरं कळायला अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, सविस्तर चाचणी करावी लागते, ती महाग असते.

हे फक्त बनावट डब्यांपुरतं नाही, हेही नंतर वाचनात आलं. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास ७० टक्के पावडरींच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं.

अहवाल घेऊन मी आयातदाराच्या कार्यालयात फोन केला. नंबर स्टिकरवरचा लावला नाही, कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथला घेतला. बॅच क्रमांक सांगितल्यावर समोरच्या माणसाने विचारलं, "फ्लेवर कोणता आहे?" चॉकलेट म्हटल्यावर तो म्हणाला, या क्रमांकाचा माल व्हॅनिलाचा आहे. मग क्यूआर कोडने उघडलेलं पान नीट पाहिलं. पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. ज्याने डबा बनवला त्यानेच हिरवी खूण दाखवणारं पानही बनवलं होतं. परवाना क्रमांक खरा निघाला त्याचंही कारण साधं आहे: तो परवाना आयातदाराचा असतो, त्या डब्याचा नव्हे. खऱ्या डब्यावरून उतरवून घेतलेला क्रमांक खराच असणार.

आता ते दोनशे रुपये. रिकामा डबा, मूळ झाकण, मूळ स्कूप, खरं लेबल हे सगळं या धंद्याला लागतं. नवं सील बसवायचं यंत्र कुठल्याही पॅकिंगच्या बाजारात मिळतं. जिममधली मुलं आनंदाने डबे परत देत होती, आणि त्याच डब्यांत भलताच माल भरून पुढच्या मुलाच्या हातात जात होता.

ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, "ताई, तुमच्या बॉडीला सूट झालं नसेल." बिल मागितलं तर, "बिल घेतलं की जीएसटी लागेल." पैसे मी यूपीआयने दिले होते, ते जिमच्या खात्यावर नाही तर कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले होते. ट्रेनरने व्हॉट्सॲपवर पाठवलेले भाव आणि डब्यांचे फोटो मात्र माझ्याकडे होते, आणि पुढे तेच कामाला आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. जिमच्या मालकाला लेखी पत्र दिलं, अहवालाची प्रत जोडली. मालकाने पैसे परत केले आणि ट्रेनरला काढून टाकलं. पोलिसांत जाऊ नका एवढंच मालकाचं म्हणणं होतं.

अन्न व औषध प्रशासनाकडेही गेले. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली: उघडलेल्या डब्यावर खटला उभा राहत नाही. नमुना अधिकाऱ्याने स्वतः विक्रेत्याकडून घ्यावा लागतो. ते जिममध्ये पोचले तोवर तिथे एकही डबा शिल्लक नव्हता. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने सामान्य ग्राहकालाही पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, दोष निघाला तर फी परत मिळते. पण तपासणी करणार आहे हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. म्हणून संशय आल्यावर डबा पुरा संपवून मग तक्रार करू नका. माल अजून विकला जात असतानाच प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा, आणि ट्रेनरशी भांडण त्यानंतर काढा. मी आधी भांडले आणि त्याला माल हलवायला वेळ मिळाला.

तालमीतल्या पोरांच्या वस्तादांना वेगळं सांगते. अशा डब्यात स्टेरॉइड निघालं तर उत्तेजक चाचणीत दोषी पैलवानच ठरतो. डब्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं, हे सांगून तो सुटत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत एका स्वस्त डब्यापायी जाऊ शकते.

अर्ध्या तासाची भीती तर मनातून काढूनच टाका. दिवसभरात मिळून प्रथिनं किती जातात याला महत्त्व जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. मी आता व्यायामानंतर पेलाभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर फुटाणे घेते, त्यातून बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. जेवणात उसळ आणि दही असतंच, आठवड्यातून दोनदा सोया चंक्सची भाजी. ज्या शहरात गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात, तिथे कुणा तिसऱ्याच्या खात्यावर पैसे टाकून पांढरी पूड विकत घ्यायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ज्यांना पावडर घ्यायचीच आहे, डॉक्टरांनीच सांगितली आहे, त्यांनी पक्क्या बिलावर घ्या, आणि बिलावर बॅच क्रमांक लिहून मागा. दुकानदार तो लिहायला तयार नसेल तर तिथून निघा. संपलेल्या डब्याचं लेबल फाडा, झाकण फोडा, मगच भंगारात द्या. आणि कुठल्या जिममध्ये रिकाम्या डब्यावर सूट मिळते असा फलक दिसला तर त्याचा फोटो काढून आधी प्रशासनाला पाठवा.