शिब्यासाठी ट्यूब की लावून धुवायचं लोशन?

गजकर्ण झालं असेल तर हे तुमच्यासाठी नाही. ती बुरशी वेगळी, आणि टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधालाही दाद देत नाही अशी आपल्याकडे गेली काही वर्षं जी ओरड आहे ती तिच्याबद्दल. शिबं, म्हणजे अंगावरचे कोंडा पडणारे फिकट चट्टे, उठवतं मॅलेसेझिया. एरवी आपल्या सगळ्यांच्या अंगावर निमूट राहणारं यीस्ट. डोंबिवली लोकलमध्ये चार पावसाळे घाम गाळल्यावर माझ्या पाठीवर ते उठलं नसतं तरच नवल.

क्लोट्रिमाझोल किंवा केटोकोनॅझोलची ट्यूब, नाहीतर अडीच टक्के सेलेनियम सल्फाइडचं लोशन. माझं दोन्ही वापरून झालंय.

ट्यूबला वास नाही, लावून सरळ ऑफिसला जाता येतं. मानेवर दोन-चार चट्टे असतील तर मीही तीच घेईन. माझं गाडं अडलं पाठीवर. दोन खांद्यांच्या मधोमध हात पोचत नाही. एकटा राहतो, लावून दे म्हणणार कोणाला? आरशाकडे पाठ करायची, मान अवघडेपर्यंत वळवायची आणि लाकडी उलथन्याच्या टोकाला मलम घेऊन चोळायचं. (ते उलथनं नंतर टाकून दिलं, काळजी नसावी.) जिथं पोचलं तिथला चट्टा विरायचा, चार बोटं पलीकडे नवा यायचा. यीस्ट दिसतं त्याच्या पलीकडेही पसरलेलं असतं, आणि इवलीशी ट्यूब अख्ख्या पाठीला पुरणार किती? आठ दिवस लावा, दिसेनासं झालं की सोडा, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तीन वेळा.

तिसऱ्या खेपेला तर औषध लागूच पडेना असं वाटलं. ट्यूबमधली ही औषधं अ‍ॅझोल गटातली, आणि ही सगळी अ‍ॅझोल एकाच जागी घाव घालतात : बुरशीच्या पेशीला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकरावर (एन्झाइमवर). ते विकर बदललं, किंवा यीस्टने औषध बाहेर फेकायचे पंप वाढवले, की एका अ‍ॅझोलबरोबर त्याची भावंडंही बोथट होऊ शकतात. मॅलेसेझियाचे असे नमुने सापडलेले आहेत. माझं तेच झालं होतं असं छातीठोक म्हणत नाही. तेल घातल्याशिवाय हे यीस्ट वाढत नाही, त्यामुळे औषध लागू पडतं का हे बघायच्या नेहमीच्या चाचणीत ते बसत नाही आणि शिब्यासाठी एवढं सहसा कोणी तपासतही नाही. शिवाय यीस्ट मेल्यावरही फिकट डाग महिनोन्महिने राहतात. नखाने हलकेच खरवडून कोंडा पडतो का ते बघावं. नुसता रंग बघून मीही एक ट्यूब उगाच बदलली होती.

लोशनचा वास सडक्या अंड्याचा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पहिल्याच दिवशी गळ्यातली चांदीची साखळी काढायला विसरलो, ती काळवंडली. पण ओल्या पंचावर घेऊन पाठ घासतो तसं दोन टोकं धरून ओढलं की सगळी पाठ एका दमात माखते. दहा मिनिटांनी धुवायचं, असं सात दिवस. मुख्य म्हणजे त्याची भिस्त त्या एका विकरावर नाही. ते त्वचेचा वरचा थरही गळायला लावतं. केटोकोनॅझोलचा शाम्पूही असाच लावून धुता येतो. वास सोसत नसेल तर तो जरूर घ्या, पण अ‍ॅझोलला कंटाळून पुन्हा अ‍ॅझोलकडेच जायचं हे मला पटेना.

फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोलच्या गोळ्या डॉक्टरांवर सोडाव्यात. टर्बिनाफिनची गोळी शिब्यावर चालत नाही, घरात गजकर्णाची उरली असली तरी. आणि केमिस्ट देतो ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब साधी ट्यूब आणि लोशन या दोन्हींपेक्षा वाईट.

गरोदर असाल, किंवा अंगावर ओरखडे, जखमा असतील तर लोशनआधी विचारून घ्या. मी आता पावसाळाभर महिन्यातून एकदा, रविवारी, खिडकी उघडी टाकून ते लावतो. साखळी आधी खुंटीला अडकवतो.