घराच्या प्रस्तावाला उत्तराची मुदत: लेखी की मोघम?

ठाण्यात घोडबंदर रोडवरचा रीसेल फ्लॅट घेताना प्रस्तावात उत्तराची तारीख लिहिली, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 6 नुसार ती उलटताच प्रस्ताव संपतो. मुदत मोघम ठेवली, तर तो ‘वाजवी काळ’ टिकतो आणि वाजवी म्हणजे किती, यावरच वाद पेटतो. विक्रेत्याला घरच्यांशी बोलायला सवड मिळते, एवढाच मोघमपणाचा फायदा. मला लेखी मुदतच योग्य वाटते. टोकनच्या चेकचा क्रमांक लिहितो त्याच्याच खाली ‘शनिवार, सायंकाळी 6 पर्यंत लेखी होकार’ एवढी ओळ पुरते. मात्र मुदतीसाठी वेगळा मोबदला घेतलेला नसेल, तर विक्रेत्याचा होकार रवाना होण्यापूर्वी, शनिवार उजाडण्याआधीही, खरेदीदार प्रस्ताव मागे घेऊ शकतो.